उम्याची खोटी ओळ

मला उमेश मेस्त्रीचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कोणी 'ही बाई जळते वाटतं' म्हणून कुजबुजायला नको. जळते. गेली वीस-बावीस वर्षं मन लावून जळते आहे. पण म्हणून त्याच्यावर दुसरं कोणी लिहायला बसलं, तर मी त्याच्या हातातलं पेन काढून घेईन. उम्या माझ्याइतका कोणाला माहीत आहे? ज्याचा हेवा वाटतो त्याच्याकडे माणूस जेवढं बारीक लक्ष ठेवतो, तेवढं आई लेकराकडेही ठेवत नसेल.

हल्ली तो उमेश सर झाला आहे. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून देणारी जी एआय साधनं आली आहेत, त्यातलं एक त्याच्या कंपनीचं. काळा टी-शर्ट घालून तो परिषदांत भाषणं देतो. त्याच्या साधनात म्हणे एक 'खोटी ओळ' असते, आणि ती खोटी ओळ म्हणजे उमेश मेस्त्रीच्या बुद्धीची कमाल. उम्याची खोटी ओळ! हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. का जाते, तेच सांगायला बसले आहे.

उम्या आमच्या चाळीत आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. डिलाईल रोडला, आमच्याच तिसऱ्या मजल्यावर, त्याचा मामा राहायचा. कणकवलीच्या बाजूच्या कुठल्याशा वाडीतून हा इंजिनिअरिंग करायला मुंबईत आला, तो एक पत्र्याची ट्रंक आणि कानावर पेन्सिल घेऊन. वडील सुतार. कानावर पेन्सिल ठेवायची सवय त्यांची, ह्याने ती उचलली. पण त्या पेन्सिलीने काही लिहिताना मी त्याला एकदाही पाहिलं नाही. परिषदेतल्या फोटोंत लोकांना ती स्टाईल वाटते. पाव चहात बुडवून खायचा आणि तेच बोट कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकेका ओळीवरून फिरवायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये उम्या कुठे बसला होता ते पडद्यावरच्या डागांवरून कळायचं.

त्याला काहीही सांगा, पहिलं वाक्य ठरलेलं: "परत सांग." बहिरा नव्हता. पण दुसऱ्यांदा सांगताना आपल्याच बोलण्यातली खोट आपल्याला दिसायला लागायची. त्याची मामी वैतागायची, "ह्येका मीठ हाडूक धाडलंय, तर इचारता, कसला मीठ, कित्याक, आणि नाय हाडला तर काय होतला!" कॉलेजात आम्ही एकाच वर्गात; मी दुसरी-तिसरी यायचे, हा काठावर पास. माझ्या वह्या घेऊन जायचा, पाच दिवसांनी परत आणायचा आणि म्हणायचा, "शुभे, ह्या पानावर चूक आहे." सरांनी फळ्यावर केलेली चूक सबंध वर्गाने इमानदारीत उतरवून घेतलेली असायची, आणि ती सापडायची ह्या ध्यानाला. मला राग यायचा. चूक निघाली म्हणून नाही, मला ती दिसली नाही म्हणून.

पुढे नोकरीत त्याचं दुसरं वाक्य तयार झालं. जुन्या प्रोग्रॅममध्ये कोणी काही बदलायला निघालं की हा मालवणीत विचारायचा, "कोणाचा वाटोळा होतला, ता आधी सांग." अमराठी साहेब लोकांना वाटायचं, काहीतरी शुभ बोलतोय.

आता माझे वडील. चाळ त्यांना तात्या म्हणायची, मीही तात्याच म्हणायचे. गिरणी बंद पडल्यावर ते परळला एका औषधाच्या दुकानात कामाला लागले. पण चाळीत त्यांचा मान वेगळा होता, तो गाऱ्हाण्याचा. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे. मालवणी लोकांत एक जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. काय केलं, काय चुकलं, काय हवं, कोणाला सांभाळ. तो एकेक वाक्य टाकतो आणि जमलेले सगळे त्यावर होकार देतात. दर सव्वीस जानेवारीला चाळीची सत्यनारायणाची पूजा झाली की तात्या पुढे यायचे, हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात सुरू करायचे.

"बा देवा सत्यनारायणा, हयसर जमलेल्या तुझ्या लेकरांनी जी काय तोडकीमोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची पोरा शिकतत, कोण नोकरी शोधता, तेंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग त्याच सुरात, भुवईसुद्धा न हलवता, "आणि ह्या चाळीतल्या सगळ्यांच्या सुखासाठी उद्यापासून नळ कायमचो बंद होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्या मागे वळायचे. "व्हय काय, मेल्यांनो? उद्या आंघोळी खंय करतलात?"

चाळभर हशा. मग ते देवाकडे तोंड करून ती ओळ रीतसर मागे घ्यायचे, 'चुकान बोललंय, पदरात घे' म्हणायचे, आणि पुढचं गाऱ्हाणं लोक कान देऊन ऐकायचे. दरवर्षी एक खोटी ओळ. दरवर्षी सगळे फसायचे. पूजेला यायचं ते मान डोलवायला नव्हे, ऐकायला, असं तात्यांचं म्हणणं.

ती खोटी ओळ मी रचायचे.

पूजेच्या आदल्या आठवड्यात दाढी करता करता तात्या मला विचारायचे, "चेडवा, यंदा काय खोटा घालूया?" नवव्या वर्षापासून ते काम माझं. सोपं नाही ते. ओळ बाकीच्या ओळींसारखीच वाजली पाहिजे. सुरुवात चांगल्या शब्दांनी हवी, म्हणजे ऐकणाऱ्याची मान आधीच हलायला लागते. वाटोळं शेवटच्या दोन शब्दांत यायला हवं. आणि कोणाच्या दुखण्याखुपण्याला, मरणाला हात लावायचा नाही, नाहीतर हसणार कोण? नळ माझा होता. सबंध गाऱ्हाणं मला पाठ होतं, तात्यांच्या श्वासासकट. एकदा मी विचारलं, "तात्या, यंदा मी घालू?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बायकांनी गाऱ्हाणा घालूचा नसता, बाय." ओरडले असते तर परवडलं असतं. त्या डोक्यावरच्या हाताने जास्त लागलं. मग मी दरवर्षी दाराशी बायकांत उभी राहायचे आणि ओठातल्या ओठात सगळं म्हणायचे.

उम्याची पहिली पूजा. त्या वर्षीची माझी ओळ अशी होती: 'आमच्या सगळ्या हुशार पोरांका परीक्षेत गणितात भोपळो गावांदे रे म्हाराजा!' चाळ ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि मागून एकच आवाज आला, "नाय म्हाराजा! परत सांगा!"

सगळे वळून बघायला लागले. उम्या लाल झाला होता, पण मागे हटला नाही. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत ऐकणारा पहिला माणूस भेटला होता त्यांना. त्यांनी उम्याला पुढे बोलावलं, खांद्यावर हात टाकला आणि उरलेलं गाऱ्हाणं तसंच घातलं. मी आरतीचं ताट धरून बघत होते. कान त्याचे चांगले, कबूल. पण ओळ कोणाची होती?

दुसऱ्या वर्षापासून तात्या त्याला गाऱ्हाणं शिकवायला लागले. आमच्याच खोलीत, माझ्याच कॉटसमोर. मी भिंतीकडे तोंड करून अभ्यास करायचे. उम्या अडखळला की पाठ न वळवता पुढचा शब्द सांगायचे. तात्या कौतुकाने म्हणायचे, "बघ, चेडवाक पण येता." त्या 'पण'चा मला अजून राग आहे. खोटी ओळ कोण रचतं, हे त्यांनी उम्याला सांगितलं नाही. गुपित फुटलं तर मजा जाते, म्हणायचे. मीही बोलले नाही. मला आपलं वाटायचं, कोणीतरी विचारेल.

पुढे बरीच वर्षं आम्ही लोअर परळच्या एकाच कंपनीत होतो. तो प्रोग्रॅम लिहिणारा, मी टेस्टर, म्हणजे लिहिलेल्यातल्या चुका काढणारी. एका हॉस्पिटलच्या पेशंटच्या नोंदींचं काम आमच्याकडे होतं. मग एआय आलं. आपण दोन वाक्यांत सांगायचं, आणि ते पानंच्या पानं लिहून समोर ठेवणार. खाली एक बटण, 'अ‍ॅक्सेप्ट'. मंजूर. पहिला महिनाभर सगळे ती पानं वाचत होते. नंतर ऑफिसात दिवसभर नुसता बटणांचा आवाज.

आणि एक जूनची भानगड झाली. आपल्याकडे जुन्या लोकांची जन्मतारीख कोणाला ठाऊक असते? शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजाने साल टाकायचे आणि तारीख ठोकून द्यायचे, एक जून. निम्मं गिरणगाव एक जूनला जन्मलेलं आहे. त्यात नावंही तीच ती. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक अट होती: तारीख एक जून असेल तर नाव आणि साल जुळलं तरी दोन माणसांना एक समजू नये. ती अट मी साहेबांशी भांडून घालून घेतली होती. एआयला सांगितलं, जुना पसारा आवर. त्याने बघितलं, एका तारखेसाठी वेगळा नियम कशाला? काढून टाकला. खाली प्रामाणिकपणे लिहिलंही: 'अनावश्यक अट काढली.' पाच जणांनी मंजूर केलं.

पाचवी मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या खिडकीवर एक पांडुरंग सावंत मोतीबिंदूसाठी आले. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचं ऑपरेशन तर मागेच झालंय." आजोबा म्हणाले, "बाय माझे, मगे माका धुरकट कित्याक दिसता?" दोन पांडुरंग सावंतांचा एक झाला होता. असे आणखी कितीतरी. दुपारपर्यंत सगळं पूर्वपदावर आणलं, कोणाच्या जिवावर बेतलं नाही, देवाची कृपा. मग मीटिंग. साहेब विचारतायत, कोणाची चूक? उम्या म्हणाला, "चूक कोणाचीच नाही, सर. सगळ्यांनी व्हय म्हाराजा केलं."

साहेबांना कळलं नाही. मला कळलं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात ते त्याच्याआधी आलं होतं. तात्या, पूजा, नळ, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं. पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण आयुष्यभर खोट्या ओळी रचणारी बाई न वाचता होय म्हणून बसली होती. म्हणून ती कल्पना उम्याची झाली.

त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला. माझ्याशी बोलायला आला असेल म्हणून मी केससुद्धा नीट केले. तो थेट तात्यांसमोर मांडी घालून बसला.

"तात्यानू, गाऱ्हाण्यातली खोटी ओळ कशी करूची?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप घेऊन उभी होते. मनात म्हणत होते, सांगा. आता तरी सांगा. तात्यांनी कप घेतला, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "ता येता आपोआप."

आपोआप! मग ते सांगत बसले: ओळ बाकीच्यांसारखी वाजूक होयी, वाटोळा शेवटाक येवक होया. माझी वाक्यं, माझ्याच शब्दांत, त्यांच्या तोंडून. उम्या सगळं फोनमध्ये टिपून घेत होता. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

महिन्याभराने त्याने नोकरी सोडली. गॅलरीत मला गाठून म्हणाला, "शुभे, कंपनी काढतोय. येतेस? टेस्टिंग बघशील?"

मी म्हटलं, "परत सांग."

त्याने बिचाऱ्याने पुन्हा तेच सांगितलं, टेस्टिंगसकट. मी नाही म्हटलं. मी कशाची वाट बघत होते, हे त्याला कळलं नाही.

दादरला भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत त्याची कंपनी सुरू झाली. साधन असं: एआयने प्रोग्रॅमला हात लावायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं. मी हे बदलणार, ह्याचा त्रास अमक्याला होईल, तमक्याला धक्का लावणार नाही. एकेक वाक्य साध्या भाषेत. प्रत्येक वाक्याला माणसाने होय म्हणायचं. त्यात मध्येच एक वाक्य खोटं, वाटोळं करणारं. त्यालाही होय म्हटलंत, की काम थांबलं. जा, परत वाचा. बँकांना, हॉस्पिटलांना हे पटलं. पटणारच. आमच्या चाळीला ते कधीपासून पटलेलं होतं.

कंपनीचं नाव त्याने ठेवलं 'व्हय'. इंग्रजीत लिहिल्यावर परदेशी लोक ते 'व्हाय' वाचायला लागले. व्हाय म्हणजे का. आमचा होकार त्यांना प्रश्न म्हणून ऐकू आला, आणि त्यांनी माना डोलावल्या: वा, मशीनला 'का?' विचारणारी कंपनी, काय नाव शोधलंय! उम्याने कोणाला दुरुस्त केलं नाही. असली नशिबं आपल्या वाट्याला येत नाहीत. मी होय म्हटलं की लोकांना होयच ऐकू येतं.

कंपनीत पैसे घालणाऱ्या लोकांना साधन दाखवायचं होतं, एका मोठ्या हॉटेलात. उम्या टॅक्सी घेऊन चाळीखाली आला. मला वाटलं... जाऊ दे. तो तात्यांना घेऊन गेला. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, पायांत नवे बूट. तिथे त्या पाहुण्यांतला मुख्य गृहस्थ स्वतः बटण दाबायला बसला. होय, होय, होय. मशीनने लिहिलं, 'काम वेगाने व्हावं यासाठी तुमच्या सर्व ग्राहकांची नोंद पुसून टाकतो.' त्याने दाबलं, होय. आणि मागच्या खुर्चीवरून तात्या ओरडले, "व्हय काय, मेल्या?" म्हणे सबंध खोली हसत होती, तो गृहस्थ सगळ्यांत जास्त. काम तिथेच पक्कं झालं. ही गोष्ट तात्यांनी शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितली. मी दर वेळी चहा आणला.

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. तात्या आजारी पडले तेव्हा परळच्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन हा बसलेला असायचा. दुपारची पाळी त्याची. तात्यांना पेज तो भरवायचा, आणि माझ्यापेक्षा नीट भरवायचा. त्याच्यात एखादा धड दुर्गुण असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. तात्या गेले तेव्हा खांदा दिला त्याने, आणि लोक त्याचंच सांत्वन करत होते.

तात्यांनंतर गाऱ्हाणं त्याच्याकडे गेलं. जगाच्या पाठीवर कुठेही असो, सव्वीस जानेवारीला उम्या चाळीत हजर. आवाज बरा लावायचा. खोट्या ओळी मात्र भिकार. 'आमची बिल्डिंग पडांदे' म्हणायचा, लगेच पोरं ओरडायची, "नाय म्हाराजा!" मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

कंपनीतही तेच होत होतं, हे मला मागाहून कळलं. एका वर्तमानपत्रात त्याची मोठी मुलाखत आली. त्यात तो म्हणाला होता, खोटी ओळ मला तात्यांनी दिली, ते माझे गुरू. फोटो तात्यांचा. मथळ्यात उमेश मेस्त्री. मी तो पेपर चार वेळा वाचला, आणि त्याच दुपारी उम्या स्वतः येऊन आमच्या उंबरठ्यावर बसला. पूजा आठवड्यावर आली होती. चेहरा उतरलेला.

"शुभे, वांधा झालाय. लोकांना खोटी ओळ ओळखू येते आता. ती तेवढी पकडतात आणि बाकीच्यांना डोळे मिटून होय करतात. मोठ्या मोठ्या कॉलेजांतली पोरं घेतली ओळी रचायला, कोणाला जमत नाही. मोठा क्लायंट जायला बसलाय. तात्या कशी करायचे, देव जाणे."

"तात्या नाही करायचे," मी म्हटलं. "मी करायचे."

"परत सांग."

"मी करायचे. नऊ वर्षांची असल्यापासून. नळ माझा. तुझा भोपळा, ज्याच्यावर तू नाय म्हाराजा ओरडलास, तोही माझा."

"परत सांग, शुभे," तो अगदी हळू म्हणाला.

तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फुटला. इतकी वर्षं नाही रडले ती त्याच्यासमोर भोकाड पसरून रडले. त्याने विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं? तुझं मशीन उठल्याबसल्या येरागबाळ्याला विचारतं, होय का, होय का. तू इतकी वर्षं ह्या घरात चहा प्यायलास, तुला कधी सुचलं विचारायचं? टेस्टिंग बघशील म्हणे!"

उम्या म्हणाला, "माझं चुकलं. ये कंपनीत. ओळी तू रच. नाव तुझं लावतो, सगळ्यांसमोर."

"कंपनीचं नंतर बघू," मी नाक पुसलं. "आधी माझं गाऱ्हाणं दे."

तो चटकन हो म्हणाला नाही. मी बघत होते. कंपनीतली जागा आणि नाव तो एका दमात देऊन मोकळा झाला होता. इथे मात्र त्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. शेवटी म्हणाला, "घाल." आणि उठून तळमजल्यावर कमिटीच्या खोलीत गेला. मीही मागोमाग. म्हातारे चपापले. "बायमाणूस गाऱ्हाणा घालतला? असा कधी झाला नाय." उम्या म्हणाला, "कोणाचा वाटोळा होतला, ता आधी सांगा." सगळ्यांनी विचार केला. कोणाला एकही नाव सुचलं नाही.

सव्वीस जानेवारीला पूजा आटोपली आणि मी पुढे झाले. पहिल्या दोन ओळींना आवाज कापला. तिसरीला लागला. मागून "व्हय म्हाराजा" आलं, ते पाठीवर आदळलं, आणि मला कळलं की तात्यांनी हे शेवटपर्यंत स्वतःकडे का ठेवलं. देवाची मूर्ती समोर, चाळ पाठीशी, आणि मधे आपण. दुसरं काही नको वाटतं.

निम्म्यात आल्यावर मी जरा वळून बघितलं. उम्या पार मागे, जिन्याच्या खांबाला टेकून उभा होता. सगळ्यांबरोबर ओरडत होता, पण लक्ष जागेवर नव्हतं. मी म्हणत होते ते शब्द त्याचे ओठ माझ्या आधी म्हणत होते. एका जागी मी तात्यांपेक्षा वेगळा हेल काढला, तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली. तो चेहरा मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? हेवा. उमेश मेस्त्रीला, माझा! देवासमोर उभी होते, तरी सांगते, मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आठवडाभर घासूनपुसून ठेवलेली खोटी ओळ मी तिथल्या तिथे टाकून दिली आणि नवीच जुळवली.

"बा देवा सत्यनारायणा, आमच्या चाळीतल्या उमेशान् कष्ट करून जी कंपनी काढल्यान हा, चाळीचा नाव देशापरदेशात नेल्यान हा, ती कंपनी तुझ्या आशीर्वादान् उद्या सकाळपर्यंत बुडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

चाळ एका सुरात ओरडली, आणि त्यात सगळ्यांत मोठा, पार मागून आलेला आवाज उम्याचा होता.

मी थांबले. आधी पुढच्या बायकांना कळलं, मग पोरांना, मग हशाची लाट मागे मागे गेली आणि खांबापाशी पोहोचली. उम्याचं तोंड उघडंच राहिलं. तो हसला, पण सगळ्यांच्या नंतर. मग त्याने घाईघाईने हात जोडले आणि माझ्याकडे बघत राहिला, मी ती ओळ मागे कधी घेते त्याची वाट बघत.

घेतली. लगेच नाही घेतली.